शिळ्या ग्रंथीचा शेरा

पातंबाईंना राग यायला कारण लागायचं नाही, आणि कारण मिळालंच तर मग विचारायलाच नको. लिफ्ट बंद असली की राग, लिफ्ट चालू असून तिच्यात आधीच कोणी उभं असलं की राग, चहा गार झाला की राग, आणि कोणी "गरम करून देऊ का" म्हणालं की त्याहून जास्त राग. पगारपत्रकावर त्यांचं चांगलं घसघशीत नाव होतं, पण ते पगारपत्रकावरच राहिलं. सगळी इमारत त्यांना पातंबाई म्हणायची, कारण अठ्ठावीस वर्षं त्या एकाच यंत्रासमोर बसल्या होत्या आणि त्या यंत्राला एक पातं होतं.

यंत्र साधंच. मेणात बसवलेला मांसाचा तुकडा एकीकडे, पातं दुसरीकडे. हँडल फिरवलं की तुकडा खाली-वर होतो आणि पात्यावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकत्या निघतात, एकीला एक चिकटलेल्या, अशी लांब पट्टी. ती कोमट पाण्यावर तरंगवायची, काचेच्या स्लाइडवर उचलायची, वाळवायची, जांभळ्या आणि गुलाबी रंगात रंगवायची. मग स्लाइड वरच्या मजल्यावर साहेबांकडे. साहेब सूक्ष्मदर्शकातून बघून सांगणार, की प्राणी कशाने आजारी पडला. प्राणी म्हणजे बहुतेक वेळा कोळंबी, कधीमधी खेकडा. आणि तुकडा म्हणजे त्यांच्या डोक्याच्या कवचाखाली असते ती पिवळट-तपकिरी पाचकग्रंथी.

या ग्रंथीवर बाईंचा जीव होता. माणसांवर नव्हता इतका. आपल्याला यकृत वेगळं, स्वादुपिंड वेगळं. कोळंबीची ही बोटाच्या पेराएवढी ग्रंथी सगळी कामं एकटी करते, आणि कुरकुर नाही. आत शेकडो बारीक नळ्या, एका टोकाला बंद. बंद टोकाशी लहान लहान पेशी सतत एकीच्या दोन होत असतात. त्यांना बाई "बाळं" म्हणायच्या. नळीतून पुढे सरकता सरकता बाळं मोठी होतात आणि कामाला लागतात. काही स्वयंपाकिणी होतात, म्हणजे अन्न पचवायचे रस तयार करतात. रंग दिल्यावर त्या गडद जांभळ्या दिसतात. काही कोठीवाल्या होतात. चरबीचे थेंब साठवून साठवून फेसाळतात, आणि कोळंबी कात टाकायच्या दिवसांत जेवत नाही तेव्हा तोच साठा तिला पुरवतात. आणि काहींच्या पोटात एकच मोठा फुगा असतो. भरत भरत जाऊन तो नळीत रिकामा होतो. नवीन माणूस आला की बाई त्याला एकदाच सांगायच्या, "बाळं, स्वयंपाकिणी, कोठीवाल्या, फुगेवाल्या. चार जणी. एवढं लक्षात राहत नसेल तर दुसरी नोकरी बघ."

पण या ग्रंथीची एक खोड आहे, आणि ती ज्याला कळली नाही त्याने तिला हात लावू नये असं बाईंचं स्पष्ट म्हणणं होतं. स्वयंपाकिणींनी केलेले रस जीव आहे तोवर जागच्या जागी राहतात. कोळंबी मेली रे मेली, की तेच रस ग्रंथीलाच पचवायला घेतात. बघता बघता नळ्यांच्या भिंती सुटतात, पेशी गळून पडतात, ग्रंथीचं पिठलं होतं. म्हणून कोळंबी जिवंतच आणायची, आणि पेशींना आहेत तिथेच थिजवणारं औषध ती जिवंत असतानाच सुईने थेट ग्रंथीत टोचायचं. मग कवच कडेने चिरायचं, मग ती औषधाच्या बरणीत. बर्फाचं नाव काढायचं नाही. बर्फ खाणाऱ्यांसाठी असतो.

आणि मत्स्य खात्याचा, ठिकठिकाणचे नमुने गोळा करून आणणारा नमुनेवाला नेमका बर्फातच सगळं आणायचा. हा गृहस्थ आधी मासळी बाजारात तपासणीला होता, तिथे बर्फ म्हणजे ताजेपणाची खूण. बदली होऊन इकडे आला तरी हाताची सवय गेली नाही. थर्माकोलची पेटी बाईंच्या टेबलावर ठेवून तो मोठ्या अभिमानाने सांगायचा, "बघा बाई, बर्फ किती घातलाय, एकदम ताजा माल." बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. नमुन्यासोबतच्या फॉर्मवर शेवटी शेऱ्याचा रकाना होता. त्यात त्या ठळक अक्षरात लिहायच्या: नमुना शिळा, परत. आणि पेटी त्याच्या हातात परत.

एका महिन्यात तीस नमुन्यांपैकी अकरा परत गेले तेव्हा वरून विचारणा झाली. साहेब म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. स्लाइड कोणती चांगली, कोणती वाईट हे कळायचं त्याला, नाही असं नाही, पण कोळंबीला जिवंतपणी हात लावून त्याला नऊ वर्षं झाली होती. भर मीटिंगमध्ये, वीस माणसांसमोर तो म्हणाला, "बाई, तुम्ही कापा. मत देऊ नका. मत द्यायला आम्ही बसलोय." मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. पुढच्या आठवड्यात नवे फॉर्म छापून आले. त्यात शेऱ्याचा रकाना नव्हता.

आता एखादीने भांडण काढलं असतं. बाईंनी चहाच्या कपावरून भांडणं काढली होती, या गोष्टीवर तर सहा महिने पुरेल एवढं भांडण होतं. पण त्या भांडल्या नाहीत. त्यांनी कानाला खडा लावला. मत नको ना? देत नाही. शिळं येऊ दे, कुजकं येऊ दे, मी कापणार, आणि अशी कापणार की बघत राहाल. एक दिवस हा साहेब असा तोंडघशी पडेल की त्याला माझ्या दारात यावं लागेल. त्या दिवसाची वाट बघत बाई मूग गिळून बसल्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्यात मजा यायला लागली.

सहा महिने असेच गेले. मग एका सोमवारी टाकीवालीची पेटी आली.

टाकीवाली म्हणजे खाडीकाठच्या कोळंबी बीजकेंद्राची मालकीण. चाळिशीची, रबरी बूट घालून दिवसभर पाण्यात उभी असलेली बाई. तिच्याकडे पाच टाक्या होत्या, आणि त्यांत अंडी देणाऱ्या माद्या आणि त्यांचे नर, प्रत्येक टाकीत वेगळा वाण. अकरा वर्षं तिने प्रत्येक पिढीतून निवडून निवडून हा साठा केला होता. कुठली कोळंबी कुठल्या टाकीतली हे कळावं म्हणून प्रत्येकीच्या डोळ्याच्या देठात तिने बारीक रंगीत कडं घातलेलं असायचं. सगळ्या मुलखात हीच एक बाई होती जी कोळंबी जिवंत आणायची, बादलीत, हवेचे बुडबुडे सोडणारा बॅटरीचा पंप लावून. पातंबाई तिच्यावर कधी ओरडल्या नव्हत्या. त्या इमारतीत याहून मोठं प्रमाणपत्र नव्हतं. पण नवा नियम आला होता, मालकाने नमुना आणायचा नाही, नमुनेवालाच आणणार. त्यामुळे या वेळी टाकीवालीच्या पाच कोळंब्या बर्फात झोपून आल्या.

बाईंनी झाकण काढलं. कवचाखालून पिवळं पाणी सुटलेलं. डोकं दाबलं तर मऊ लागलं. फॉर्मवरचं नाव वाचलं आणि त्यांचा हात थांबला. थांबला, हे खरं. पण मग मागून कोणीतरी फिस्सकन हसल्यासारखं झालं, आणि त्यांनी दात-ओठ खात पाचही ग्रंथी औषधात टाकल्या. नियम त्यांनी केलाय, भोगू देत.

बुधवारी कापायला घेतल्या तर पट्टी धड निघेना. शिळी ग्रंथी मेणात नीट बसत नाही, चुरा होतो. दुसऱ्या कोणाच्या हातून ती निघालीच नसती, आणि नसती निघाली तर तो नमुना आपोआप बाद झाला असता. पण बाईंचा हात तसा नव्हता. त्यांनी मेणाचा ठोकळा गार केला, नवं पातं लावलं, पात्याचा कोन केसभर बदलला, श्वास रोखून हँडल फिरवलं आणि अखंड पट्टी काढली. स्लाइड अशी झाली की भिंतीवर लावावी.

संध्याकाळी जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा शिंपी, पुढच्या खोलीतच दुकान. "असल्या सडक्या मालातून पट्टी काढली," बाई म्हणाल्या, "आता बसू दे त्याला डोळे फोडत."

नवऱ्याने घास खाली ठेवला. "अगं, गिऱ्हाइकाने कसर लागलेलं कापड आणलं तर मी कात्री लावायच्या आधी सांगतो. न सांगता शिवलं, की तो कात्रीचा दोष."

"मला सांगायची बंदी केलीय."

"तुला? कुणाची छाती झाली?" तो हसला.

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या ताट घेऊन उठल्या आणि झोपेपर्यंत त्याच्याशी बोलल्या नाहीत.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला बाई टेबल पुसत होत्या तर दारात टाकीवाली. रबरी बूट तसेच, हातात बादली, बादलीत पंप घुरघुरतोय. पहारेकऱ्याशी भांडून वर आली होती, ते तोंडावर दिसत होतं.

"ताई," ती म्हणाली, "काल रिपोर्ट आला. ग्रंथीत सगळीकडे पेशी मेल्यात, साथीचा रोग असावा, सगळा साठा नष्ट करा. आज बारा वाजता येऊन पाचही टाक्यांत क्लोरीन टाकणार आहेत."

बाईंच्या हातातलं फडकं तिथेच राहिलं.

"माझ्या कोळंब्या आजारी नाहीत," टाकीवाली म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण जबडा आवळलेला होता. "काल रात्रीपर्यंत खात होत्या. प्रत्येक टाकीतली एक जोडी आणलीय, एक मादी, एक नर. तुम्ही बघा. तुम्ही सांगाल ते मी मानेन. रोग म्हणालात तर मी माझ्या हाताने क्लोरीन टाकते."

कापून, रंगवून स्लाइड व्हायला तीन दिवस लागतात. हातात अडीच तास. एकच रस्ता होता, ओली स्लाइड: ग्रंथीचा चिमूटभर तुकडा मिठाच्या पाण्याच्या थेंबात चिरडून तसाच बघायचा. हे काम बाईंना कमीपणाचं वाटायचं. पण त्यांनी काही न बोलता बादलीत हात घातला, जी पहिली हाताला लागली ती काढली, आणि कवच उघडलं.

सूक्ष्मदर्शकाखाली नळ्या बोटांसारख्या एकमेकींवर पडल्या होत्या, भरलेल्या, काठ स्वच्छ. कोठीवाल्यांत चरबीचे थेंब चमकत होते. फुगेवाल्या टम्म. आणि एक नळी अजून हळूहळू आवळत होती आणि सुटत होती, आपली कोळंबी आता राहिली नाही हे तिला कळलंच नव्हतं. बाई जरा जास्त वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी टाकीवालीला खुर्ची दिली आणि तिनेही पाहिलं.

"निरोगी आहे," बाई म्हणाल्या. "चला वर."

जिना चढताना बाईंचा राग आधी साहेबावर होता. दुसऱ्या पायरीवर नमुनेवाल्यावर, मग नियम करणाऱ्यांवर. शेवटच्या पायरीवर पोचेपर्यंत त्यांच्याजवळची नावं संपली.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "ओल्या स्लाइडवर रिपोर्ट बदलत नाही बाई, तुम्हाला माहितीये. कापलेली स्लाइड हाच पुरावा. आणि तीसुद्धा तुम्ही कापलेली, इतकी सुंदर."

"तो नमुना शिळा होता."

"कशावरून?"

"लावा परत आणि बघा. टोकापासून तोंडापर्यंत सगळ्या पेशी एकसारख्या सुटल्यात. बाळंसुद्धा. रोग असता तर कुठे जास्त, कुठे कमी दिसला असता. आणि रक्तातल्या पेशी धावून आल्या असत्या, नळ्यांभोवती गर्दी केली असती. एक तरी दिसते का बघा. मेल्यावर कोण धावून येणार."

साहेबांनी स्लाइड लावली. बराच वेळ बटण फिरवत राहिले. डोकं वर काढलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. चूक आपलीही आहे हे त्यांना कळलं होतं, आणि चूक कळलेला साहेब कधी चांगला वागत नाही.

"मी बघायला हवं होतं," ते म्हणाले. "पण तुमच्या टेबलावरून आलं म्हणजे ताजं, असं मी नऊ वर्षं धरून चाललोय. रकाना काढला तरी तुम्ही शिळा माल कापणार नाही, हे मला वाटत होतं."

ज्या दिवसाची बाई सहा महिने वाट बघत होत्या तो हाच. साहेब तोंडघशी पडला होता, आणि त्यांना काडीचाही आनंद होत नव्हता.

"रिपोर्ट रद्द करायचा तर एकच मार्ग आहे," साहेब म्हणाले. "पेटी उघडली तेव्हा नमुना खराब होता, हे उघडणाऱ्याने लेखी द्यायचं. तुम्हाला कधी कळलं?"

टाकीवाली दाराशी उभी होती. बादलीतला पंप घुरघुरत होता.

बाईंना खोटं बोलता आलं असतं. आत्ता ओली स्लाइड बघितल्यावर शंका आली, एवढं म्हटलं असतं तर त्यांच्या अंगावर शिंतोडाही उडाला नसता. पण तेवढ्याने क्लोरीन थांबणार नव्हतं.

"सोमवारी," बाई म्हणाल्या. "झाकण काढलं तेव्हाच."

टाकीवालीने बादली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

बाईंनी कोरा कागद घेतला आणि उभ्या उभ्याच लिहिलं: सोमवारी पेटी उघडली तेव्हा नमुना मृत आणि सडलेला होता. हे मला कळलं होतं. मी सांगितलं नाही. खाली सही, तारीख. अठ्ठावीस वर्षांत कोणाला दिला नव्हता असा कागद. साहेबांनी तो वाचला, घडी घातली आणि फोन उचलला. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. पथकाला दुपारी दुसरीकडे जायचं होतं म्हणून ते साडेदहालाच पोचले होते. पहिली टाकी झाली होती. दुसरीच्या काठावर पोतं फोडत होते.

"थांबवा," साहेब ओरडले. "आहे तिथे थांबवा."

थांबवलं. चार टाक्या वाचल्या.

"पहिली म्हणजे निळी," टाकीवाली म्हणाली. कोणाला उद्देशून नाही, नुसतीच. मग तिने बादली जमिनीवर ठेवली, वाकली आणि आत बघायला लागली. पिवळ्या कड्याची जोडी, लाल, हिरवी, पांढरी. निळं कडं एकच होतं.

"तुम्ही आत्ता उघडलीत ती कुठली होती?"

बाईंना आठवावं लागलं नाही. कडं त्यांच्या टेबलावर, चिमट्याशेजारी पडलेलं होतं. "निळी."

"मादी?"

"मादी."

टाकीवाली हळूच उभी राहिली. बाईंना वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याला काय उत्तर द्यायचं हे बाईंना पाठ होतं. पण ती ओरडली नाही.

"एक फोन करायचा होतात ताई सोमवारी," ती म्हणाली. "जिवंत घेऊन आले असते मी. भांडून आले असते, आज आले तशी. नंबर होता की फॉर्मवर."

बाई पुढे झाल्या आणि त्यांनी बादलीच्या कडीला हात घातला, निदान जिन्यावरून खाली नेऊन द्यावी म्हणून. टाकीवालीने त्यांची बोटं कडीवरून बाजूला केली.

"राहू द्या. मी नेते."

तिच्या बुटांचा आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत बाई तिथेच उभ्या होत्या. मग त्या आपल्या खोलीत आल्या, दार लावलं आणि सोमवारचा फॉर्म शोधून काढला. नंबर होता. वरून दुसऱ्या ओळीत, टाकीवालीच्या ठसठशीत अक्षरात, दोनदा गिरवलेला. आणि त्या खाली, जिथे पूर्वी शेऱ्याचा रकाना असायचा, तिथे अर्धं पान कोरं होतं.